टाके पुरे होईपर्यंत

“बसा बाई. मरते कशी, ते पाहून जा.”

हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकलेच. मी नर्स. मरण्याच्या गोष्टी चहा मागवता मागवता कोणी करत नाही. पण दुकानदार भाऊ बोलत होते ते माझ्या नव्या लाईटबद्दल. बॅटरीवरची जोरदार एलईडी लाईट त्यांच्याकडून करून घेतली, की ते ती पूर्ण चार्ज करून काउंटरवर पेटवून ठेवायचे आणि गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचे. ती विझेपर्यंत सुटका नाही, मग तीन तास लागोत की चार. आपल्या लाईटचा शेवट कसा होतो हे ज्याने पाहिलं नाही, त्याच्या हाती ती द्यायची नाही, असा त्यांचा कायदा होता. तुमच्या गावातही असा एखादा विक्षिप्त कारागीर असेल, आणि तुम्हीही त्याच्यावर माझ्यासारखेच चिडत असाल.

एटापल्लीच्या रस्त्याला त्यांचं दुकान होतं. सूरजागडच्या लोहखाणीचे ट्रक गेले की काउंटरच्या काचेवर लाल धूळ बसायची आणि भाऊ त्याच धुळीत बोटाने सर्किट काढून दाखवायचे. बॅटरी इकडे, दिवा तिकडे आणि मध्ये नखाएवढी पट्टी. तिला ड्रायव्हर म्हणतात. दिव्याला करंट किती सोडायचा ते ती ठरवते. पट्टी साधी असेल तर बॅटरी उतरते तसा उजेडही हळूहळू उतरतो. महागातली असेल तर उजेड शेवटपर्यंत लख्ख राहतो आणि मग एकदम काळोख होतो.

मी मूळची नगरकडची, स्वभावाने घाईची. उपकेंद्रासाठी मला लख्ख लाईट हवी होती आणि तसं मी स्पष्ट सांगितलं होतं. भाऊंनी मान डोलावली आणि साधीच पट्टी टाकून दिली. स्टुलावर बसून उजेड पिवळा पडताना पाहिला तेव्हा मला ते कळलं.

“मी दुसरी सांगितली होती ना?”

“जंगलाचा मुलूख आहे बाई. लाईट उतराले लागली का मानसाले समजते, आता घरी फिराचं. सांगून जाते ते.”

तीन तास बसून माझी पाठ मोडली होती. भांडायचं त्राण नव्हतं. लाईट पिशवीत टाकली आणि मी निघाले.

श्रावणातल्या एका दुपारी पाऊस असा कोसळला की खिडक्या लावून घ्याव्या लागल्या. वीज सकाळपासूनच नव्हती. पहिलटकरीण होती. बाळ सुखरूप झालं, मी टाके घालायला बसले आणि उजेड उतरायला लागला. रक्त कुठून येतंय ते दिसेना. मदतीला असलेल्या आशाताईंनी मोबाईल धरला, पण माझ्याच हाताची सावली टाक्यांवर पडत होती. कसेबसे टाके पुरे झाले. आई वाचली, माझा घाम मात्र दोन दिवस गेला नाही.

तिसऱ्या दिवशी मी लाईट भाऊंच्या काउंटरवर आदळली.

“काऊन बाई? सांगून नाई गेली का?”

“सांगितलं की! सांगून मला काय उपयोग? टाके अर्धे सोडून मी घरी फिरू?”

भाऊंनी हातातला पेचकस खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, “माह्या साळ्याले म्या लख्खवाली बनवून देल्ली होती. तळ्यावरून मासोळ्या घेऊन येऊन राह्यला होता. दगडावर पाय ठेवला न् लाईट एकदम गेली. कमरेपासून गेला तो. आजही खाटेवर आहे. तवापासून म्या ते पट्टी कोनालेच नाई टाकली.”

मी तावातावाने आले होते, आता कुठे बघावं ते कळेना. त्या माणसाने मला फसवलं नव्हतं. तो मला साळ्यासारखं पडू देणार नव्हता, एवढंच.

“ठेवून जा,” ते म्हणाले. “म्या विसरलो, तुमाले फिराले जागाच नाई.”

आठ दिवसांनी बोलावणं आलं. या वेळी दोन स्टुलं मांडलेली होती आणि भाऊ स्वतःही बसले. लख्ख पट्टी टाकली होती. बॅटरी उतरली की बाजूला एक बारीक लाल दिवा लागायचा, मोठा उजेड मात्र जागचा हलायचा नाही. लाल दिवा लागल्यापासून काळोख होईपर्यंत आम्ही घड्याळ बघत बसलो. चाळीस मिनिटं भरली.

“एवढ्यात टाके होते?”

“होतात. भरपूर झालं.”

“हात थरथरला तं? दुसरं लेकरू निंगालं तं?” असं म्हणून त्यांनी लाईट पुन्हा उघडली आणि आणखी एक सेल बसवला. मी हसले. मग का कोण जाणे, डोळे पुसले.

त्या लाईटखाली किती बाळं जन्मली ते मी मोजलेलं नाही. तापाचं निमित्त होऊन भाऊ गडचिरोलीच्या दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. मी तेव्हा रजेवर होते. शेवटचं भेटायचं राहिलं आणि ते मला अजून लागतं.

गेल्या महिन्यात लाईट पेटेना. मी थेट चंद्रपूर गाठलं. तिथला दुकानदार ओळखीचा नव्हता. त्याने कामाच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

“आठ दिवस लागन बाई.”

तरी बघू म्हणून त्याने मागचं झाकण उघडलं आणि थांबला. मग झाकण माझ्याकडे फिरवलं. आतल्या बाजूला मार्करने, भाऊंच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं :

‘उघडनाऱ्या भाऊले नमस्कार. हे बाळंतपनाची लाईट आहे. बाईले रिकाम्या हातानं पाठवू नोका.’

“कोन होते हे?” त्याने विचारलं.

मी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. त्याने समोरचा उघडलेला मिक्सर बाजूला सरकवला.

“राहू द्या बाई,” तो म्हणाला, “आताच करून देतो.”