तीन पावलं मागे

सन अठ्ठेचाळीस. मी सतरा वर्षांचा, दत्तू माझ्याहून वर्षाने मोठा. तो दत्तू आता, म्हातारपणी, गेल्या महिन्यात गेला. मी चौथी पास, लिहायचा सराव नाही. पण दत्तूवर दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला चालायचं नाही.

त्या साली हिंदी मुलखातली आमची रियासत विलीन झाली. दोन पलटणींची एक झाली, तशी त्यांच्या दोन फुटबॉल टीमांचीही एक. टीममध्ये घेतलं की पलटणीत भरती पक्की. आमच्यासारख्या पोरांना वर यायची तीच वाट. जागा एकच उरली, विंगरची. समोरच्याने उंच, लांब मारलेला बॉल पायावर घ्यायचा आणि तसाच मैदानाच्या कडेने पळवत परत न्यायचा, हे त्याचं काम. किला गेटजवळच्या मैदानावर रोज सकाळी दत्तू मारायचा, मी घ्यायचो; मग उलट. बॉल भिजवून जड करायचा, म्हणजे पाय नरम राहायला शिकतो. "लाथ घालू नको रे, पाहुणा आलाय असं घे," दत्तू म्हणायचा.

भांडण एकाच गोष्टीवर. बॉल हवेत गेला की तो आधी तीन पावलं मागे सरायचा, मग धावत पुढे येऊन घ्यायचा. "पहले मागे, फिर पुढे. पळतानाच बॉल मिळतो, यार!" मी छाती काढून सांगायचो, "आमच्या घरात चार पिढ्या शिपाई. मागे कुणी सरलं नाही."

"तुझे पणजोबा विंगर होते काय?"

निवडीच्या दिवशी पहिलाच बॉल वाऱ्यावर लांबत गेला, माझ्या डोक्यावरून मागे पडला. दुसऱ्या बॉलला बाजूला उभा दत्तू ओरडला, "अरे, मागे सर!" जागा एक, आणि हा मलाच सांगतोय, फसवायलाच असणार... मी आणखीच पाय रोवले. दुसराही गेला, तिसराही गेला. निवड करणारे पलटणीचे साहेब म्हणाले, "बस. दूसरा लड़का." दत्तू आला. तीन पावलं मागे सरला, आणि पुढे आला तो थेट पलटणीत.

तो गावोगाव खेळला, हवालदार झाला. मी पाटणकर बाजारात कापड मोजत राहिलो. एकही पत्र लिहिलं नाही, त्याच्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. रिटायर झाल्यावर तोच दुकानात येऊन उभा राहिला. "धोतरजोडी दाखव. आणि जमलं तर तोंड पण दाखव."

मग म्हातारे होईपर्यंत रोज संध्याकाळी इंदरगंजला टपरीवर चहा. मी लांबून संत्रं फेकायचो. म्हातारा आधी तीन पावलं मागे सरायचा, मग पुढे येऊन झेलायचा. चहावाला हसायचा. "तू कधी सरणार?" दत्तू विचारायचा.

"मेल्यावर."

"बघू..."

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी दत्तूऐवजी त्याचा मुलगा आला. "काका, बाबा गेले." संत्रं माझ्या खिशातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किला गेटच्या मैदानावर गेलो. काठी खाली ठेवली, संत्रं जमेल तितकं उंच फेकलं, आणि तीन पावलं मागे सरलो.