न वाहिलेला वारा

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या बौद्ध घरात अंगात येणं, उतारे टाकणं, या कशालाच थारा नव्हता. त्यात मी विज्ञानाची विद्यार्थिनी. तरीही लिहितेय, कारण हे मी स्वतः पाहिलंय...

साल दोन हजार चारच्या आसपासचं. मी पुण्यात पीएचडी करत होते. विषय — वाऱ्याचा आवाज. गोल दांडीवरून वारा जोरात गेला की मागे भोवरे सुटतात, त्यातून एक सूर निघतो. तो सूर मी खऱ्या वाऱ्याशिवाय, कॉम्प्युटरवर समीकरणं सोडवून काढत होते. आकडेमोड आठवडेच्या आठवडे चालायची आणि शेवटी त्या आकड्यांची एक ऑडिओ फाइल तयार व्हायची. म्हणजे जो वारा कुठे वाहिलाच नाही, त्याचा आवाज.

दिवाळीत लॅपटॉप घेऊन नांदेडजवळच्या डोंगरकडा गावी आत्याकडे गेले. घर केळीच्या बागेला लागूनच. लग्नानंतर टायफॉइडमध्ये आत्याचे दोन्ही कान गेले होते. ओठ बघून ती बोलणं ओळखायची. प्रकाशदादा, तिचा मुलगा, त्यानंतर झाला. त्याचा आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता.

दुपारी ओसरीत मी ती फाइल ऐकत होते. आत्यानं गमतीनं माझा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला... डोळे मिटले. मग हळूच गुणगुणायला लागली. मी हेडफोनला कान लावून पाहिलं — सूर अगदी तोच.

"वारा येऊन राहिला," ती म्हणाली.

मी घाईघाईनं गाणी लावली, आवाज पूर्ण वाढवला. काही नाही. कंपनं जाणवत असतील म्हणावं, तर गाण्याचीही जाणवायला हवी होती. परत वारा लावला, की चेहरा उजळायचा.

नांदेडला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्या मशीनवर दोन्ही कान बंद. मग मी तिच्या पाठीमागे बसून फाइल चालू-बंद करत राहिले. दर वेळी तिनं बरोबर हात वर केला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "मॅडम, रिपोर्टमध्ये मी काय लिहू?"

परतताना जीप दादा चालवत होता. गाव जवळ आलं. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "माझा आवाज टाकता येईन का त्याच्यात?"

घरी त्याचा आवाज रेकॉर्ड केला. एकच शब्द — "माय." लाजून इतकं हळू म्हणाला, की दोनदा घ्यावा लागला. तो मी वाऱ्यात मिसळला. आत्याला काहीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाइल लावली. दादा दारात उभा. "माय" येऊन गेलं... आत्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. दादा मान खाली घालून बाहेर निघाला, तेवढ्यात ती बोलली.

"वारा त्योच हाय. पण आज त्याच्यात कोणतरी उभं हाय. वारा त्याला वळसा घालून जाऊन राहिला."

"कोण?" मी ओठ हलवून विचारलं.

"न्हाई कळत. पण लई जवळचं हाय," म्हणत तिनं डोळे मिटले.

दादा मागे फिरला, तिच्याजवळ येऊन बसला. डोळे न उघडता तिनं त्याचा हात धरला. बागेत केळीची पानं हलत होती, आणि त्यांचा आवाज फक्त आम्हा दोघांना येत होता.

काही महिन्यांनी तिला तो वाराही ऐकू येईनासा झाला. फाइल तीच, हेडफोन तोच. माझ्या गाईडनी फाइल तपासली, वेगळं काही सापडलं नाही. आज मी हाच विषय शिकवते, समीकरणं पाठ आहेत.

दादाला एकदा विचारलं, तुला काय वाटतं रे?

म्हणाला, "तिला कळलं न. बस झालं."

मला मात्र अजून कळलेलं नाही.