डबा न उचलणारा गिरणीवाला

आमच्या खोपट भागातल्या गिरणीवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. भुवयांपर्यंत पिठाने पांढरा असतो आणि बोलताना माणसाकडे न बघता पिठाकडे बघतो. बायकांचे डबे पायरीपर्यंत येऊन उचलून घेतो. माझा उचलत नाही.

मला संधिवात आहे. दुखतं म्हणून वर्षभर बसून राहिले, सून सगळं हातात आणून द्यायची. औषधाने सूज उतरली, पण मांड्या काटकीसारख्या झाल्या. संडासातून उठायला सुनेचा हात लागायचा, त्याची लाज वाटायची. डॉक्टर म्हणाले, वय आणि संधिवात, दोघांनी मिळून स्नायू खाल्लेत. रोज उठबस करा, थोडं वजन उचला. मी कानाआड केलं.

सुनेने हे गिरणीत सांगितलं. पुढच्या दळणाला ती मला धरून घेऊन गेली, तेव्हा गिरणीवाला म्हणाला, "आजी, दळण तुम्हीच आणायचं. किलोभरच आणा. आणि दळून होईस्तोवर या स्टुलावरून दहा वेळा उठायचं."

"मेल्या, पडले तर?"

"मी उभा आहे ना. आईला मी असंच बसवून ठेवलेलं. ती परत उठलीच नाही." एवढं बोलून त्याने चक्की सुरू केली.

चार महिने झाले. मी आठ वेळा उठून थांबले, तर न बघता ओरडतो, "अजून दोन!"

काल संडासातून एकटी उठले. गिरणीत जाऊन तसंच सांगितलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्याने चक्की बंद केली.

"आवाजात ऐकू नाही आलं, आजी. परत सांगा."

मी परत सांगितलं.