सोनाराच्या काट्यावर मीठ

सासऱ्यांच्या किडन्या निम्म्याच काम करतात असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि तिथल्या आहारतज्ज्ञ मुलीने आमच्या हाती एक कागद दिला. तुरीची डाळ तीस ग्रॅम, ज्वारीचं पीठ शंभर ग्रॅम, मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या वर नाही. सौंसरला परतताना बसमध्ये सासूबाईंनी तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. शेवटी म्हणाल्या, "बाई, मले गिराम नाई समजत. वाटीनं सांग."

मलाही सांगता येईना. पांढुर्ण्याला माहेरीही मी अंदाजानंच स्वयंपाक शिकले होते. घरात काटा होता, पण तो कापूस मोजायचा. त्याला तीस ग्रॅम डाळ कळलीही नसती.

दुसऱ्या दिवशी सासूबाई सकाळीच तयार होत्या. पिशवीत रोजची स्टीलची वाटी, चहाचा चमचा आणि डाळ, पीठ, मीठ यांच्या पुड्या. चौकातल्या किराणावाल्याने नुकतंच दुकान उघडलं होतं. त्याने काटा आमच्याकडे वळवला. सपाट वाटीभर डाळ एकशे तीस ग्रॅम भरली. त्याच वाटीत पीठ मात्र नव्वदच.

"वाटी तर तेच हाय ना? मंग पीठ कमी काऊन?"

"पीठ हलकं असते काकू. दाबून भरा, वाढते."

त्यांनी दाबून भरलं, तर एकशे दहाच्या वर गेलं. मग ठरलं, पीठ दाबायचं नाही, वरून फक्त बोट फिरवायचं. मी कागदामागे लिहून घेतलं: डाळ पाव वाटीला जरा कमी, पीठ एक वाटी आणि वर तीन चमचे.

मिठापाशी अडलं. तो काटा पाच-पाच ग्रॅमनेच पुढे सरकायचा. किराणावाल्याने समोरच्या सोनाराकडे बोट दाखवलं.

सोनार वयस्कर होते. मीठ तोलायचं म्हटल्यावर हसले, पण कागद वाचल्यावर त्यांनी काट्याची छोटी ताटली पुसून घेतली. सपाट चमचा मीठ पाच ग्रॅमला किंचित कमी भरलं. मग ते म्हणाले, "वहिनी, एकट्या भाऊंसाठी तुम्ही रोज किती टाकता, ते टाका बरं."

सासूबाईंनी बोटांनी मीठ उचललं. वरणाचं, भाजीचं, दोन्ही वेळचं. मग ताटात कडेला वाढतात तेही. काटा बारावर थांबला.

सासूबाई त्या आकड्याकडे बघतच राहिल्या. "म्हंजे मीच खाऊ घालून रायली होती ह्यायले."

मी त्यांचा हात धरला. सोनारांनी मीठ परत पुडीत भरलं आणि म्हणाले, "आता माप मालूम झालं ना? मंग आजपासून तेच."

दुपारी सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे काय, अळणी!"

सासूबाईंनी काहीच लपवलं नाही. बारा ग्रॅमचंही सांगितलं आणि डोळ्यांना पदर लावला. सासऱ्यांनी वरणात भाकरी कुस्करली. "मीच तं मांगत होतो वरून," ते म्हणाले, आणि ताटातलं सगळं संपवलं.

सासूबाईंनी त्याच भांड्यातलं वरण स्वतःलाही वाढून घेतलं.

"तू काऊन खातं अळणी? तुले काय झालं?"

"सवय लावून रायली," त्या म्हणाल्या.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. किडन्या सुधारल्या नव्हत्या, पण बिघडल्याही नव्हत्या. याला आता दोन वर्षं झाली. रोज सकाळी सासरे स्वतःच चमचा सपाट करून दिवसाचं मीठ एका डबीत काढून देतात, आणि सासूबाई त्यातूनच त्यांचा स्वयंपाक करतात. परवा संध्याकाळी डबीत चिमूटभर उरलं होतं. सासऱ्यांनी ते काकडीवर भुरभुरलं, अर्धी काकडी सासूबाईंच्या हातात दिली, आणि दोघं ओट्यावर बसून खात राहिले.