अनसूयाबाईंच्या सोवळ्याच्या गोळ्या

पंचवटीतल्या ढुंढिराज गुरुजींच्या पत्नी अनसूयाबाई यांना कुणाला नाही म्हणता येत नसे. विरजण, पाटा-वरवंटा, ठेवणीतली पैठणीसुद्धा शेजारी फिरायची. १९९८च्या श्रावणात बायका त्यांच्याकडे औषधही मागू लागल्या.

त्याआधी काही महिने त्यांच्या अंगावरून फार जात होतं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "पिशवीचं अस्तर जाड झालंय. आज कॅन्सर नाही, पण दुर्लक्ष केलंत तर होऊ शकतो. या हार्मोनच्या गोळ्यांनी अस्तर पातळ होईल. खाडा मात्र करायचा नाही."

तो शब्द अनसूयाबाई मनातसुद्धा घेईनात. घरी त्यांनी अशक्तपणा आहे म्हणून सांगितलं. खरं ठाऊक होतं ते फक्त सोबत गेलेल्या स्वरदाला, त्यांच्या मुलीला.

पण शेजारच्या वत्सलाबाईंनी पाकीट ओळखलं. सणावारी पाळी पुढे ढकलायला त्यांची सून हीच गोळी घ्यायची.

"रोज घेता? देवाच्या कामात एक दिवस चुकू नये म्हणून? धन्य आहे हो तुमची."

गल्लीभर सोवळ्याचा लौकिक पसरला. गुरुजींची मान ताठ झाली. मग कुणाची मंगळागौर, कुणाचा सत्यनारायण. ज्या त्या घरून गोळीला मागणी. अनसूयाबाई देत राहिल्या, स्वतःचे खाडे पडत राहिले, आणि थांबलेलं पुन्हा सुरू झालं.

"आई, अख्ख्या गल्लीच्या पाळ्या सांभाळतेस," स्वरदा म्हणाली, "तुझी पिशवी कोण सांभाळणार?"

गौरी यायच्या आदल्या दिवशी वत्सलाबाई दारात हजर. "सुनेसाठी द्या थोड्या."

अनसूयाबाईंनी पाकीट काढलं, एक गोळी स्वतःच्या तोंडात टाकली, वर पाणी प्यायल्या.

"नाही देणार. या मला कॅन्सर होऊ नये म्हणून आहेत."

वत्सलाबाई उंबऱ्यातच बसल्या. हळूच म्हणाल्या, "माझी बंद होऊन तीन वर्षं झाली. आता पुन्हा डाग दिसतोय. मी मेली समजत होते, तारुण्य परत आलं."

"अहो, हे दाखवायलाच हवं. उद्या सकाळीच जाऊ."

"उद्या गौरी आहेत."

"कुणाला दाखवायचं म्हणताय? काय झालंय?" आतून गुरुजींनी विचारलं.

"काही होऊ नये म्हणूनच चाललोय, गुरुजी," वत्सलाबाई पदर सावरत उठल्या. "आम्हाला उशीर झाला, तर दोन्ही घरच्या गौरी तेवढ्या तुम्ही आत घ्या."