तुपात भाजलेली रांगोळी

रांगोळी साजूक तुपात भाजली तरी गुलाबी होत नाही. हे मी स्वतः करून बघितलंय. मंद आचेवर वीस मिनिटं हात न थांबवता परतत होतो. वास काही सुटेना. मला वाटलं, आपल्याला सर्दी झाली. दूध ओतलं तर ते वरच राहिलं. मला वाटलं, हल्लीच्या दुधात काही राम नाही. साखर घातली, वेलदोडा घातला, केळं कुस्करलं आणि मूद पाडून लेक-जावयासमोर ठेवली.

माझी बायको जाऊन त्या दिवशी तीन महिने झाले होते. तिला शिरा आवडायचा. म्हणून हा उद्योग.

लेकीने पहिला घास घेतला आणि ती थांबली. कचकच मलासुद्धा ऐकू आली. जावई भला माणूस. तो घास तोंडात धरून पंख्याकडे बघत बसला.

"बाबा, हे काय आहे?"

"शिरा."

"कशाचा?"

मी डबा आणून दाखवला. तिने चिमूटभर तळहातावर घेऊन चोळलं.

"बाबा, ही रांगोळी आहे."

"तरीच," मी म्हटलं.

जावई मोरीकडे पळाला. चुळा भरून आला आणि म्हणाला, "वेलदोडा मात्र छान लागला होता." असा जावई मिळायला भाग्य लागतं. पण लेक हसली नाही. तिने ताटं उचलली, गॅस बंद आहे ना ते दोनदा बघितलं आणि म्हणाली, "पुरे झालं आता. आमच्याकडे चला. इथलं आवरून टाकू."

आमच्याकडे म्हणजे पुण्याच्या कडेला मांजरीला, बाराव्या मजल्यावर. काल-परवापर्यंत तिथे ऊस उभा होता, आता माणसं उभी केलीत. घर चांगलं आहे, वारा येतो. पण इथलं आवरणं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. नारायण पेठेतल्या माझ्या दोन खोल्यांत आवरण्यासारखं आहेच काय? स्वयंपाकघरातली फळी आणि फळीवरचे बावीस स्टीलचे डबे. ते मोडीत गेले असते. मांजरीच्या स्वयंपाकघरात सगळ्या काचेच्या बरण्या आहेत, आतलं दिसणाऱ्या.

आता हे डबे काय आहेत ते सांगायला पाहिजे, नाहीतर म्हातारा भांड्यांपायी अडून बसला असं वाटेल.

मी सातवी नापास. पण माझं अक्षर बघून पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानदाराने मला कामावर घेतलं आणि पुढची चाळीस वर्षं मी भांड्यांवर नावं घातली. हातात विजेचं मशीन, टोकाला सुई, टर्रर्र करत चालायची. लग्न, मुंज, बारसं, वास्तुशांत, रिटायरमेंट. कुणी कुणाला दिलं, कुठल्या तारखेला दिलं, सगळं त्या भांड्यावर. अर्ध्या पुण्याच्या ताटावाट्यांवर माझं अक्षर आहे. लोक जेवतात, वाचत नाहीत.

आमच्या घरचे डबेही असेच आलेले. कुणी लग्नात दिले, कुणी बारशाला. आणि आमच्या हिची पद्धत अशी की डब्यात काय आहे हे ती कधीच सांगायची नाही. डबा कुणाचा ते सांगायची. "अहो, साखर संपली का बघा, थोरल्या वन्संमध्ये आहे." "मामंजींमधलं तिखट काढा." "मावशीला खाली ठेवा, तिच्यात पोहे भरायचेत." बाहेरच्या माणसाला वाटावं, ह्या घरात नातेवाइकांना कापून भरून ठेवलंय. मी आपला "हं" म्हणायचो. इतकी वर्षं ती मला अख्खी फळी पाठ करून देत होती आणि मी हं म्हणत होतो.

तेराव्यानंतर मी फळी पुसायला काढली. सगळे डबे खाली घेतले, चकचकीत केले आणि परत लावले, मोठ्यापासून लहानापर्यंत. दुकानातली सवय. दुकानात भांडी मापाने लावतात. लावून झाल्यावर लांब उभा राहून बघितलं, फार सुरेख दिसत होतं. तिची फळी मोडली आपण, हे डोक्यातच आलं नाही.

माझे डोळे अधू आहेत, पण कोरलेलं नाव मी अंगठ्याने वाचतो. वीस डबे मला अंगठ्याने कळायचे. दोघं मात्र गुळगुळीत. ते दोन डबे तिने स्वतः घेतले होते, स्वतःच्या शिवणाच्या पैशातून. कुणी दिलेले नाहीत म्हणून नाव नाही. "अहो, गावाची नावं घालता, माझ्या दोन डब्यांवर घाला की," असं ती म्हणायची. मी म्हणायचो, उद्या. सुट्टीच्या दिवशी मशीनला हात लावायचा कंटाळा यायचा. त्या दोघांतल्या एकात रवा आणि एकात रांगोळी. झालं. शिऱ्याचा उलगडा हा असा आहे.

तर लेक म्हणाली चला. मी म्हटलं, एक महिना दे.

"एका महिन्यात काय होणार? पुढच्या वेळी कपडे धुवायचा सोडा घालाल."

"तू आहेस ना शहाणी. कर काहीतरी."

हे मी चिडून बोललो होतो. पण ती डब्यांकडे बघायला लागली. ती कंपनीत मोबाइलची ॲप बनवते. गोदामातला माल मोजायचं एक ॲप तिच्याकडे होतं. खोक्यावरच्या काळ्या-पांढऱ्या रेघांचा फोटो काढला की ते माल ओळखायचं. आता साहेबांनी सांगितलं होतं की फोटो नको, नुसता फोन टेकवला की कळलं पाहिजे, त्याची सोय ॲपमध्ये घाल. त्यासाठी बिल्ल्याएवढी गोल चिकटपट्टी येते. तिला ती टॅग म्हणते.

"ह्यात बॅटरी नसते बाबा. फोन जवळ आला की फोनकडूनच जरा वीज घेतो आणि आपला नंबर सांगतो."

"म्हणजे स्वतः काही कमवायचं नाही, दुसऱ्याच्या जिवावर बोलायचं."

"मी इथेच बसलोय," जावई म्हणाला.

सौदा ठरला. तिने माझ्या डब्यांवर ॲप चालवून बघायचं. महिन्याने मी पुन्हा शिरा करायचा. रव्याचा झाला तर राहायचं, नाहीतर मांजरी.

पुढच्या रविवारी ती टॅगचं पाकीट घेऊन आली. पहिला टॅग थोरल्या वन्संच्या पोटावर लावला, माझा फोन टेकवला. काही नाही. फोन वर-खाली केला, आडवा केला. वन्सं गप्प. जन्मात गप्प बसल्या नव्हत्या त्या. मग तिने जावयाचा फोन घेतला. त्याला वरच्या कडेने टेकवावं लागतं, माझ्याला पाठीच्या मधोमध. तरी गप्प. टॅग काढून चौरंगावर ठेवला तर लगेच टुंग वाजलं.

"स्टीलमुळे होतंय," ती म्हणाली. "टॅगच्या मागे धातू असला की फोनचं त्याच्यापर्यंत पोचतच नाही. गोदामात सगळी पुठ्ठ्याची खोकी, त्यामुळे लक्षातच आलं नाही. धातूवर चालणारे टॅग वेगळे मिळतात, पण ऑफिसने मागवून यायला पंधरा-वीस दिवस जातील."

माझा महिना चालू होता. मी म्हटलं, "मध्ये रबर घाल."

"काय?"

"पातळ भांड्यावर नाव घालताना आम्ही खाली रबर घेतो. नाहीतर भांडं बोंबलतं, हाताला सुई कळत नाही. स्टीलला लांब ठेवायचं असेल तर रबर घाल."

मला त्या लहरी-बिहरी काय कळणार? पण धातू जवळ नको एवढं तर कळलं होतं. मी गॅलरीत गेलो, माझी जुनी स्लीपर आणली, उंबऱ्याबाहेर पाट टाकून बसलो. एक डबा तिथे मागवला. डब्याला स्लीपर टेकवली, स्लीपरवर टॅग, टॅगवर फोन. टुंग!

लेक टाळ्या वाजवायला लागली आणि मध्येच थांबली. "बाबा, चप्पल? स्वयंपाकाच्या डब्याला? आई काय म्हणाली असती?"

काय म्हणाली असती ते मला शब्दन् शब्द ठाऊक होतं. आमच्या घरी पायातलं उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. एकदा मुसळधार पावसात मी नवे बूट आत घेतले तर तिने बुटांसकट मला बाहेर काढलं होतं.

मग मी कपाट उघडलं. खालच्या खणात एक खोकं होतं. तिला दवाखान्यात ठेवायचं ठरलं तेव्हा तिथे वापरायला म्हणून रबरी चपला घेतल्या होत्या, निळ्या, मऊ, चांगल्या जाड तळाच्या. त्या घालायची वेळ आलीच नाही. त्या टाकवत नव्हत्या आणि कुणाला देववत नव्हत्या. तीन महिने मी ते खोकं ह्या खणातून त्या खणात हलवत होतो.

"ह्या कापू," मी म्हटलं.

लेकीने खोक्यावर झाकण परत ठेवलं.

"पायात न गेलेली चप्पल ही चप्पल नसते. रबर असतं. तुझ्या आईलाही हे पटलं असतं. आधी धुवायला लावलं असतं, एवढंच."

आम्ही त्या साबणाने तीनदा धुतल्या. जावयाने कटर आणला. दोन तळव्यांतून बावीस चकत्या निघाल्या आणि थोडं रबर उरलं. लेक चकत्या चिकटवत होती, मी डबे धरत होतो. शेवटी जावई म्हणाला, "ऑफिसात विचारलं तर काय सांगायचं, कुठलं मटेरियल वापरलं?" तेव्हा ती हसली. त्या महिन्यातलं पहिलं.

आता बोलण्याचं. पडद्यावरचं बारीक अक्षर मला दिसत नाही, म्हणून तिने ॲपला वाचा दिली. फोन टेकवला की एक बाई म्हणायची, "साखर." कोरडा आवाज, स्टॅन्डवर गाड्या पुकारतात तसा. लेकीने चाचरत विचारलं, "आईच्या आवाजात करू? माझ्या फोनमध्ये तिचे निरोप आहेत खूप."

"नको," मी म्हटलं. "ती एका शब्दावर थांबायची नाही."

दुसरी भानगड पुढच्या आठवड्यात झाली. मावशीतले पोहे संपले, मी त्यात शेंगदाणे भरले. फोन टेकवला, बाई म्हणाली, "पोहे." मी लेकीला फोन लावला.

"तुझी बाई खोटं बोलते."

"तुम्ही आतलं बदललंत ना? मग टॅगवर नवीन लिहायला लागेल. मी रविवारी येऊन लिहिते."

"दर वेळी येणार तू? अगं, आत काय आहे ते भांड्यावर लिहितं का कुणी? चाळीस वर्षांत एकानेही माझ्याकडून डब्यावर 'पोहे' घालून घेतले नाहीत. आतलं बदलतं. कोरायचं ते कुणाचं आहे एवढंच, आतलं डोक्यात ठेवायचं."

पलीकडून टाइप केल्याची टकटक आली.

"म्हणजे टॅगवर फक्त ओळख," ती हळूच म्हणाली, "आणि आतलं सगळं ॲपमध्ये."

"डोक्यात म्हटलं मी. तुमच्यात त्याला ॲप म्हणत असतील."

रविवारी येऊन तिने तसं केलं. आता टेकवल्यावर बाई म्हणते, "मावशी. शेंगदाणे." बदललं तर मी बटण दाबून तोंडाने सांगतो. गोदामातही मग तसंच केलं म्हणे. धातूवर चालणारे टॅग आल्यावर ती सगळं बदलायला निघाली होती. मी म्हटलं, ते गोदामाला दे, इथलं चाललंय ते चालू दे.

दोन गुळगुळीत डब्यांना नाव काय द्यायचं ते मात्र तिने मला विचारलं. मी म्हटलं, उद्या सांगतो. म्हटल्यावर माझं मलाच कसंतरी झालं.

महिना भरला त्या सकाळी मी माळ्यावरून मशीन काढलं. धूळ झटकली, वायर तपासली. दोन्ही डबे रिकामे करून पुसले. त्यातला रवा एका पातेल्यात आणि रांगोळी एका पातेल्यात, मध्ये हातभर अंतर. उरलेलं निळं रबर खाली घेतलं. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, पण हाताला रस्ता पाठ होता. दोन्ही डब्यांवर हिचं नाव घातलं. कुणाकडून नाही, तारीख नाही. नुसतं तिचं नाव. दुसऱ्या डब्यावर ओळ जरा उतरती झाली. दुकानात असतो तर मालकाने परत करायला लावलं असतं.

लेक-जावई आले तेव्हा डबे परत भरून झाले होते, बटण दाबून ॲपला नावही सांगून झालं होतं, फक्त रवा भाजायचा होता. मी मुद्दाम थांबलो होतो. तिच्यासमोर फोन टेकवला. बाईने हिचं नाव घेतलं आणि म्हणाली, "रवा." लेकीने तरी झाकण काढून चिमूटभर तोंडात टाकून बघितला. मग डबा फिरवून नाव वाचलं. दुसरा उचलला, तोही वाचला.

"बाबा, दोन्हींवर एकच नाव? आता कुठला कुठला ते कळायचं कसं?"

"त्यासाठी तुझा टॅग आहे की."

तिने दोन्ही डबे पदराने पुसले, उगाचच. ते पुसलेलेच होते. मग फळीवर ठेवले, मापात न बसणाऱ्या जागी, तिची आई ठेवायची तिथे.

शिरा गुलाबी झाला. वासही सुटला. मांजरीचा विषय निघाला नाही, फक्त जाताना ती म्हणाली, "फोन रोज चार्ज करत जा, नाहीतर डबे बोलणार नाहीत." जावयाने शिरा दोनदा घेतला. पहिल्या वेळी मात्र आधी चमच्याने हलवून, कानाशी नेऊन बघितला.