फोन न करता येणाऱ्या बाई

अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या वेस्ट विंडसर गावात फोन न करता दुसऱ्याच्या दारात उभं राहणारं माणूस एकच, आणि ते मराठी नाही. आमच्या शेजारच्या गोऱ्या कुटुंबातली ही मुलगी दोन वर्षं सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला गेली होती. पोरांना इंग्रजी किती आलं देव जाणे, ही मात्र पक्की शाळेतली बाई होऊन परतली. खांद्याला पिन लावलेली ओढणी, केसांना खोबरेल, आणि आल्या आल्या माझी मुलं उठून उभी राहिली नाहीत म्हणून कपाळाला आठ्या. मुलं "हाय" म्हणून पुन्हा फोनमध्ये.

वाटेल तेव्हा यायचं, थेट स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायचं आणि "काकू, अर्धा कप टाका" म्हणायचं, हा तिचा नेम. आधी मेसेज, मग कॅलेंडर, मग चहा, ही पंचवीस वर्षांत मी कमावलेली शिस्त तिनं धुळीला मिळवली. मी दिलेलं पोह्यांचं भांडं तिनं कधी रिकामं परत केलं नाही. एकदा घरात काही नव्हतं तर चमचाभर साखर घालून आणलं. आणि इथल्या मराठी मंडळात संस्कृतीवर भाषणं ठोकणारे आम्ही? आम्ही फेकायच्या प्लॅस्टिकच्या डब्यात देतो, म्हणजे कुणी परत करायला यायला नको.

एका रविवारी बेल वाजली. यांनी फोनवर दारातला कॅमेरा पाहिला आणि कुजबुजले, "परत तीच आलीय यार. गप्प बस, जाईल." साठीला टेकलेले आम्ही दोघं सोफ्यामागे वाकलो, आणि नेमकी कुकरनं शिट्टी दिली. कॅमेऱ्यात ती हसली. जरा वेळ थांबली. मग हातातला डबा पायरीवर ठेवून निघून गेली. शाळेनं निरोपाला दिलेला स्टीलचा डबा, वर 'बाईंना सप्रेम भेट' कोरलेलं, आत तिनं केलेला गुठळ्यांचा शिरा.

आता तिचा आधी मेसेज येतो, तोही इंग्रजीत. शनिवारी चारला येते, साडेचारला घड्याळ पाहून उठते. परवा मी म्हटलं, बस की जरा. तर म्हणाली, "नको काकू, तुमचे काही प्लॅन्स असतील." टोमणा असता तर बरं वाटलं असतं. तिनं ते अगदी मनापासून म्हटलं, आणि मला माझीच लाज वाटली.

डबा माझ्याकडेच राहिला होता. रिकामा कसा द्यायचा, म्हणून काल त्यात ताजा शिरा भरला आणि तिच्या दारात गेले. बेलवर बोट ठेवलं आणि आठवलं, फोन केलेला नाही. मग तिच्याच पायरीवर उभी राहून, डबा काखेत धरून, मी तिला मेसेज टाइप करत बसले, फ्री आहेस का म्हणून.